गाडी आपली, कुलूप कंपनीचं

मधल्या मॉडेलची मोटार घेतली की स्टिअरिंगच्या उजवीकडे, गुडघ्याच्या वर दोन-चार कोरी बटणं हमखास दिसतात. दाबली तर दबत नाहीत, त्यांच्यामागे काही नसतंच. टॉप मॉडेलमध्ये त्याच खाचेत काम करणारं बटण असतं. गाडीवाल्यांची कुरकूर पूर्वी एवढ्यावरच थांबायची. गाडी घेताना पैसे कमी पडले, तेव्हा सुविधा कमी मिळाल्या, यात फसवणूक कसली? फार तर हळहळ.

गेल्या दहा वर्षांत या हळहळीचा राग झाला आहे. आता बऱ्याच गाड्यांत बटणामागचं यंत्र बसवलेलं असतं, वायरही जोडलेली असते. फक्त गाडीतल्या संगणकाला कंपनीची परवानगी मिळालेली नसते. परवानगी हवी तर पैसे मोजा, कधी एकदाच, कधी दरमहा. आणि जिथे यंत्र खरोखरच नाही तिथे ते मागाहून बसवायला गेलं, तर कंपनी वॉरंटीची भीती घालते, आरटीओ कायद्याची, आणि बाहेरचा इलेक्ट्रिशियन सांगतो, ‘साहेब, बसवून देतो, पण स्कॅनर ते ओळखणार नाही.’

निदान एका बाबतीत कंपन्यांना झोडपण्यात अर्थ नाही. चांगली वस्तू मुद्दाम कमी करून स्वस्तात विकणं ही मोटारवाल्यांची कल्पना नव्हे. १८४९ मध्ये ज्यूल द्यूप्वी या फ्रेंच अभियंत्यानं रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाबद्दल लिहून ठेवलं आहे. त्या डब्यांना छप्पर नसे. छपराचा खर्च वाचवावा हा त्यामागचा हेतू नव्हता. दुसऱ्या वर्गाचं तिकीट परवडणारा माणूस तिसऱ्या वर्गात जाऊन बसू नये, म्हणून गरिबाला पावसात ठेवायचं, असा तो हिशेब होता. १९९० मध्ये आयबीएमनं आपल्या लेझर प्रिंटरची स्वस्त आवृत्ती काढली. महागडा प्रिंटर मिनिटाला १० पानं छापायचा, हा ५. फरक एवढाच की स्वस्त प्रिंटरला थांबत-थांबत छापायला लावलं होतं. इंटेलच्या ४८६एसएक्स चिपमध्येही गणिती भाग होता, तो बंद करून ती कमी किमतीला विकली गेली. म्हणजे ‘आत आहे, पण चालत नाही’ ही तक्रार जुनीच आहे. पण आयबीएमचा प्रिंटर एकदा घरी आला की कंपनीचा त्याच्याशी संबंध संपायचा. आजच्या गाडीत सिमकार्ड असतं, आणि विक्री झाल्यावरही कंपनीचा हात आत पोचतो. सगळा वाद इथून सुरू होतो.

बीएमडब्ल्यूच्या गरम सीटचं प्रकरण जगभर गाजलं ते याच कारणानं. २०२२ च्या उन्हाळ्यात काही देशांत कंपनीनं आपल्या ऑनलाइन दुकानात सीट गरम करण्याची सोय भाड्यानं देऊ केली. ब्रिटनमध्ये महिन्याला १५ पौंड, कायमची हवी तर ३५० पौंड. गणित सोपं होतं: दोन वर्षांपेक्षा जास्त गाडी वापरणाऱ्यानं कायमचीच घ्यावी. पण लोकांचा संताप दरावर नव्हताच. सीटखालची तापणारी जाळी कारखान्यातून बसूनच आलेली होती, तिचं वजन मालक रोज स्वतःच्या पेट्रोलवर वाहत होता, आणि तिच्यातून वीज सोडायला तिसऱ्याची परवानगी लागत होती. सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीनं हा प्रकार गुंडाळला. आपल्याकडून दोनदा पैसे घेतले जाताहेत असं गिऱ्हाइकाला वाटतं, असं कंपनीच्या विक्रीप्रमुखांनी तेव्हा सांगितलं. बीएमडब्ल्यूला हा धडा याआधीही मिळाला होता. फोनचा पडदा गाडीत दाखवणाऱ्या ॲपल कारप्लेसाठी ती अमेरिकेत वर्षाला ८० डॉलर घेत होती, आणि ओरड झाल्यावर २०१९ च्या अखेरीस ते तिनं बंद केलं.

मर्सिडीजनं त्याहून पुढची उडी मारली. तिच्या विजेवरच्या ईक्यूएस गाडीची मागची चाकंही वळतात. जर्मनीत साध्या किमतीत ती ४.५ अंश वळायची, १० अंश हवी असतील तर वर्षाला ४८९ युरो. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत विजेच्या गाड्यांचा वेग वाढवून देणारी योजना आली, वर्षाला १,२०० डॉलरची. शून्यापासून ताशी ६० मैलांवर पोचायला साधारण एक सेकंद कमी. मोटर तीच, बॅटरीही तीच. २०२५ मध्ये फोक्सवॅगननं ब्रिटनमध्ये आयडी.३ साठी असाच पर्याय काढला: २०१ ची २२८ अश्वशक्ती करायला महिन्याला १६.५० पौंड किंवा कायमचे ६४९ पौंड.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. तापणारी आणि न तापणारी अशा दोन सीटा बनवणं, त्यांच्या वायरिंगचे वेगळे गठ्ठे ठेवणं, कारखान्यात कुठली कुठल्या गाडीत जाते ते सांभाळणं, यापेक्षा सगळ्यांत एकच सीट बसवणं कित्येकदा स्वस्त पडतं. शिवाय जुनी गाडी घेणाऱ्याला पहिल्या मालकानं न घेतलेली सोय नंतर घेता येते. हे खरं आहे. म्हणून माझ्या मते एकदाच पैसे घेऊन कायमचं कुलूप उघडून देणं चालण्यासारखं आहे. टॉप मॉडेलचे जास्त पैसे घेण्यापेक्षा ते फारसं वेगळं नाही. दरमहा भाडं मात्र वेगळी गोष्ट आहे. सतत बदलणारे नकाशे, चालू रस्त्याची माहिती, आणीबाणीत फोन उचलणारा माणूस, यांच्यासाठी कंपनीला दरमहा खर्च येतो, तिथे भाडं समजू शकतं. सीटच्या जाळीला एकदा वीज सुरू केल्यावर कंपनीला दरमहा काय खर्च येतो? शून्य. टोयोटानं तर अमेरिकेत काही गाड्यांच्या किल्लीवरून दुरून इंजिन चालू करण्याची सोयही वर्गणीला बांधली होती. फुकटचा काळ संपला की किल्लीतलं ते बटण बंद. २०२१ च्या डिसेंबरात हे गाजलं. किल्लीतून निघालेली रेडिओलहर थेट अंगणातल्या गाडीत जाते, मध्ये कुणाचा सर्व्हर नाही की नेटवर्क नाही. तरी वर्गणी.

टेस्लाच्या बाबतीत चित्र गुंतागुंतीचं आहे. २०१६ मध्ये मॉडेल एस ६० म्हणून विकलेल्या गाड्यांत ७५ किलोवॉट-तासांची बॅटरी होती, सॉफ्टवेअरनं ती आवळलेली होती. (गंमत म्हणजे त्यात मालकाचा थोडा फायदाही होता. बॅटरी ‘१०० टक्के’ भरली तरी ती खरी भरत नसे, त्यामुळे तिची झीज कमी व्हायची.) सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा चक्रीवादळ फ्लोरिडावर चालून आलं तेव्हा टेस्लानं तिथल्या अशा गाड्यांची पूर्ण बॅटरी काही दिवसांसाठी खुली केली. लोकांनी कौतुक केलं. पण त्याच बातमीनं एक गोष्ट उघडी पडली: गाडी किती मैल जाणार हे मालकाच्या अंगणाबाहेरून ठरतं, आणि उपकार म्हणून दिलेलं परतही घेता येतं. २०२० च्या सुरुवातीला हे दिसलंच. बाहेरच्या डीलरकडून वापरलेली मॉडेल एस घेतलेल्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीतून, विकताना जाहिरातीत असलेली स्वयंचालनाची सोय कंपनीनं दुरून काढून टाकली; त्यासाठी पैसे भरलेच नव्हते, असं कंपनीचं म्हणणं. बभ्रा झाल्यावर ती परत मिळाली. जुन्या गाड्यांचा बाजार तरी यामुळे डळमळायला हवा. सुविधा गाडीला चिकटली आहे की पहिल्या मालकाच्या खात्याला, हे आरसी बुकात कुठेच लिहिलेलं नसतं.

आता आपल्याकडे पाहू. इथे दरमहा भाड्याचा त्रास अजून थोडाच आहे. आपलं दुखणं मॉडेलांच्या उतरंडीचं आहे. एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय, त्यावर प्लस, त्यावर ‘(ओ)’. मागच्या काचेचा वायपर हवा असेल तर त्याबरोबर मोठी चाकं, सनरूफ आणि रंगीत दिवे घ्यावे लागतात. हौसेच्या गोष्टींचं एकवेळ ठीक. पण कित्येक वर्षं जादा एअरबॅगही याच गाठोड्यात बांधलेल्या होत्या: चामडी सीट घ्याल तर जीव वाचवण्याची शक्यता वाढेल, असा त्याचा अर्थ. सरकारनं १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, वेगाची सूचना आणि रिव्हर्स सेन्सर सक्तीचे केले, मग पुढच्या प्रवाशाची एअरबॅगही. सहा एअरबॅगांची सक्ती जाहीर झाली, लांबली आणि शेवटी मागे पडली. एअरबॅग ही मागाहून बसवता न येणारी वस्तू आहे. धडक ओळखणारे सेन्सर, घट्ट होणारे पट्टे, फुग्याला वाट देणारा डॅशबोर्ड, हे सगळं एकत्र तपासलेलं असतं. म्हणून कुठली सुविधा महाग मॉडेलमध्ये कोंडावी याबद्दल मला एवढंच वाटतं की जी नंतर बसवता येत नाही आणि जिच्यावर जीव अवलंबून आहे, ती कोंडू नये. सनरूफ खुशाल कोंडा. टाटा मोटर्सनं २०१९ मध्ये हॅरियरला मागाहून सनरूफ बसवून द्यायला सुरुवात केली होती, किंमत ९५ हजारांच्या आसपास. छताचा पत्रा कापण्याचं काम कंपनीच्या देखरेखीखाली होतं, तेव्हा ते धाडस म्हणता येणार नाही, पण रक्कम ऐकून बरेच जण पुढच्या मॉडेलकडेच वळले असतील.

उतरंडीच्या खालच्या पायरीवरचे लोक मग जातात मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, पुण्यात नाना पेठेत. स्टिअरिंगवरची गाण्याची बटणं, आपोआप मिटणारे आरसे, मागचा कॅमेरा, अँड्रॉइड स्क्रीन, सगळं मिळतं. यातला जाणता कारागीर वायर कापत नाही. तो मूळ कपलरमध्येच बसणारी तयार वायरिंग वापरतो, म्हणजे वॉरंटीच्या वेळी सगळं काढून गाडी जशीच्या तशी करता येते. फोक्सवॅगनच्या पोलो-व्हेंटोवाल्यांत तर क्रूझ कंट्रोल बसवून घेणं हा जवळपास छंद झाला होता: दिव्यांची दांडी बदलायची, जमल्यास एखादी वायर ओढायची, लॅपटॉप जोडून कोडिंग करायचं. इंजिनच्या संगणकाला क्रूझ कंट्रोल आधीपासून माहीत असतो. त्याला जागं करायचं एवढंच.

मग जे काम कारागिराला स्वस्तात जमतं त्याच कामाचं अधिकृत बिल इतकं का फुगतं? थोडी लूट आहेच, पण सगळी लूट नाही. स्टिअरिंगवर बटणं बसवायची तर स्टिअरिंगच्या आतली गुंडाळलेली पट्टीवायर, ज्याला कारागीर क्लॉक स्प्रिंग म्हणतात, ती बदलावी लागते. त्याच पट्टीतून एअरबॅगची वायर जाते. बॅटरी न सोडवता तिथे हात घालणं धोक्याचं. पुढचं मोठं कारण वायरिंगचं. पूर्वी सगळ्या मॉडेलांत एकच पूर्ण वायरिंग यायची, रिकामे कपलर डॅशबोर्डमागे लोंबत असायचे. तांबं महाग झालं, हिशेबनीस हुशार झाले, आणि खालच्या मॉडेलमध्ये ती वायरच येईनाशी झाली. धुक्याचा दिवा पाचशे-हजाराचा, पण त्याच्यासाठी अर्धा बंपर आणि डॅशबोर्ड खोलायचा. तिसरं कारण कोडिंगचं: नवा सुटा भाग या गाडीचा आहे हे कंपनीच्या सर्व्हरला विचारल्याशिवाय काही गाड्या तो चालूच करत नाहीत. चोरीच्या भागांना आळा बसावा म्हणून ही सोय आली असं सांगतात. चोरीला आळा बसतोही. त्याचबरोबर भंगारातून आणलेला चांगला, चोख रेडिओ किंवा दिवाही निकामी ठरतो.

या सगळ्याच्या वर कायदा बसला आहे. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की नोंदणीत लिहिलेल्या बाबी कंपनीनं मुळात ठरवलेल्यापेक्षा वेगळ्या होतील असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळमधल्या एका प्रकरणात हे कडकपणे लावून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली, आणि त्यात मागाहून भाग बसवण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. मोठाले टायर, कर्णकर्कश सायलेन्सर यांच्या मागे लागलेला हा कायदा समजू शकतो. पण नोंदणीशी काडीचा संबंध नसलेला मागचा कॅमेरा बसवणाऱ्या माणसालाही नाक्यावर घाम फुटतो, कारण काय चालतं आणि काय नाही याची सोप्या भाषेतली यादी त्याच्या हातात कुणी दिलेली नाही.

परवानगीचा रस्ता आहे, पण तो लांबचा. सीएनजी किट मान्यताप्राप्त हवा, बसवणाराही मान्यताप्राप्त हवा, आरसीवर नोंद हवी, विम्यात उल्लेख हवा. पेट्रोल-डिझेलची गाडी विजेवर करायची तर प्रत्येक किटला पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-तपासणी संस्थेकडून ठरावीक गाड्यांसाठी मान्यता घ्यावी लागते. वेताळ टेकडीच्या कुशीतल्या या संस्थेचा शिक्का मिळवण्याचा खर्च किट बनवणारा शेवटी गिऱ्हाइकावरच टाकणार. चार-पाच लाखांचं किट दीड लाख किमतीच्या जुन्या गाडीत कोण बसवेल? दिल्लीत दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली गेली होती, तिथे हा पर्याय सरकारनं खुला केला, पण हा हिशेब तिथेही सुटत नाही.

दुचाकीवाले मात्र या कुलपांच्या जगात आपल्या आधी पोचले. एथरच्या ४५० एक्स स्कूटरची कित्येक वैशिष्ट्यं ‘प्रो पॅक’ नावाच्या वेगळ्या किमतीच्या गाठोड्यात होती. स्कूटर तीच, पण पॅक न घेणाऱ्याला त्या सोयी बंद. २०२३ मध्ये चार्जरचे पैसे वेगळे लावण्यावरून ओला, एथर, टीव्हीएस आणि हिरोच्या विडाला सरकारी अनुदानाच्या नियमांनी गाठलं, आणि गिऱ्हाइकांना मिळून काहीशे कोटी परत देण्याचं त्यांनी मान्य केलं. अनुदान होतं म्हणून सरकारला विचारता आलं. अनुदान नसतं तर कुणी विचारलं असतं का, याची मला शंका आहे.

वर्गणी भरली तरी सोय टिकेलच असं नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये ३जी नेटवर्क बंद झालं तेव्हा त्यावर चालणाऱ्या कित्येक गाड्यांची अपघातानंतर आपोआप मदत मागवण्याची यंत्रणा मुकी झाली. काहींना बदली भाग मिळाला, काहींना तोही नाही. जून २०२४ मध्ये फिस्कर ही विजेच्या गाड्यांची कंपनी दिवाळखोरीत गेली. मालकांना संघटना काढून गाडीचं सॉफ्टवेअर चालू कसं ठेवायचं याचा विचार करावा लागला. आपल्याकडे जनरल मोटर्सनं २०१७ च्या अखेरीस विक्री थांबवली, तळेगावचा कारखानाही पुढे ह्युंदाईकडे जायचं ठरलं. तरी तिची शेवरोले बीट अजून एखाद्या तालुक्याच्या गावी दिसते, कारण तिच्या इंजिनाला कुणाच्या सर्व्हरची परवानगी लागत नाही आणि गल्लीतल्या मिस्त्रीला ती कळते. आज विकल्या जाणाऱ्या गाडीबद्दल, कंपनी गेल्यावर, हे म्हणता येईल?

इथे खरं तर मोठा प्रश्न लागतो, तो दुरुस्तीचा. गरम सीटवर जग हसलं, पण सीट गरम झाली नाही तरी गाडी चालते. निदान करणारा स्कॅनरच गाडीशी बोलू शकला नाही तर मालक एका सर्व्हिस सेंटरच्या दावणीला बांधला जातो. कंपन्यांचं उत्तर सुरक्षिततेचं असतं, आणि ते बनावट नाही. २०१५ मध्ये दोन संशोधकांनी सेंट लुईसजवळच्या महामार्गावर धावती जीप दूरवरून बसल्या जागी बंद पाडून दाखवली. १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यानंतर जीप बनवणाऱ्या कंपनीनं गाडीच्या निदान-जोडणीपुढे एक ‘सुरक्षा दरवाजा’ बसवला: नोंदणी करा, पैसे भरा, मग आत या. युरोपीय न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये तो अडसर बेकायदा ठरवला. नियमांत नसलेल्या अटी कंपनी स्वतःच्या मनानं घालू शकत नाही, असं त्याचं सांगणं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०२० मध्ये गाडीची माहिती मालकाच्या हाती द्यावी की नाही यावर थेट मतदान झालं आणि सुमारे ७५ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं. कंपन्या कोर्टात गेल्या, केंद्रीय वाहतूक सुरक्षा खात्यानंही आधी त्यांच्या बाजूनं पत्र लिहिलं, मग सूर मऊ केला.

आणि आपण? या प्रश्नात भारत मागे होता असं म्हणता येणार नाही, उलट लवकर उठला. २०११ मध्ये एका ग्राहकानं स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगानं मारुती, टाटा, महिंद्रापासून बीएमडब्ल्यू-मर्सिडीजपर्यंत १४ कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला. मूळ सुटे भाग आणि निदानाची यंत्रं फक्त आपल्या डीलरांना देऊन या कंपन्यांनी स्वतंत्र गॅरेजांची कोंडी केली, असा निष्कर्ष होता. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही आयोगानं बजावलं. तो आदेश आजही वाचण्यासारखा आहे. गरम सीटचा वाद त्यापुढे पोरखेळ वाटतो. पण प्रकरण अपिलांत गेलं, २०१६ मध्ये अपील लवादानं तीन कंपन्यांचा दंड खाली आणला, आणि सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ‘बाहेर हात लावला तर वॉरंटी गेली’ हे वाक्य आजही बिनदिक्कत ऐकू येतं. डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्यानं दुरुस्तीच्या हक्काचं संकेतस्थळ सुरू केलं, त्यात वाहनक्षेत्राचं नाव आहे. वस्तू किती दुरुस्त होण्याजोगी आहे याचे गुण देणारा निर्देशांक ठरवायला खात्यानं समितीही नेमली. मे २०२५ मध्ये तिनं अहवाल दिला. तो मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंपुरता आहे, मोटारी त्यात नाहीत.